आक्काच्या अंगठ्याचं नख

शाळा तपासायला साहेब येणार असले की आठ दिवस आधीपासून शाळेत काय काय चालतं, ते मला विचारा. बत्तीस वर्षं केलंय मी ते. भिंतींना चुना, प्रयोगशाळेतल्या रिकाम्या बाटल्यांवर नवी लेबलं, फाटका नकाशा कपाटामागं, आणि ज्या चार पोरांना काहीच येत नाही त्यांना त्या दिवशी प्रेमानं सुट्टी. विज्ञान शिकवायचो मी. आधी मानवत तालुक्यातल्या गावांत आणि शेवटची चौदा वर्षं परभणीत. त्यामुळं आक्काला ठेवण्यासाठी वृद्धाश्रम बघायची वेळ आली तेव्हा मी बायकोला छाती काढून सांगितलं होतं, "मला कुणी फसवू शकत नाही. तपासणीतल्या सगळ्या लबाड्या मला पाठ आहेत."

मला कुणी फसवलं नाही. फसवलं असतं तर आज निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आक्काचं नुकतंच लग्न झालेलं. दोन वर्षांत नवऱ्यानं दुसरी केली आणि आक्का एक गाठोडं घेऊन परत आली. वडील घरात असून नसल्यासारखे. मग मला खाऊ-पिऊ घालणं, शाळेत घालणं, बी.एस्सी.पर्यंत नेणं, सगळं तिनंच केलं. मला नोकरी लागून लग्न झाल्यावर ती माझ्याकडं राहायला आली ती कायमची. माझी दोन्ही पोरं तिच्याच मांडीवर वाढली. पोरं पुण्याला गेली, आणि मग घरात आम्ही तिघंच उरलो.

आजार आला तो चोरपावलांनी. भाजीत दोनदा मीठ. मग माझ्या बायकोला "तुमी कोणाच्या?" असं विचारणं. तिथपर्यंत आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग तिचं तीन वाजता उठून जाणं सुरू झालं. दुपारी तीनला, घड्याळ लावल्यासारखी, ती उठायची, पदर कमरेला खोचायची आणि दाराबाहेर. एकदा रेल्वे फाटकाजवळ सापडली, एकदा विद्यापीठाच्या कुंपणाशी. बायकोचा गुडघा बदललेला, तिला मागं पळता येईना. मी पळायचो आणि चिडायचो. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंश आहे, दिवस कलायला लागला की अशा लोकांची तगमग वाढते. मी विज्ञानाचा माणूस. कारण मिळालं, माझं समाधान झालं.

शेजारच्या काकूंचं समाधान झालं नव्हतं. त्या एकदा फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, तुमच्या आक्कांनी माझ्या जास्वंदीच्या सगळ्या कळ्या सोलून टाकल्या हो. लहान कळ्यांना हात नाही लावला. नेमक्या उद्या उमलणाऱ्याच! माझ्या पूजेला एक फूल ठेवलं नाही."

मी माफी मागितली आणि बाजारातून त्यांना फुलांची पुडी आणून दिली. नेमक्या उद्या उमलणाऱ्याच कळ्या ओळखायला काय लागतं, हा प्रश्न विज्ञानाच्या मास्तराला पडायला हवा होता. तो पडला नाही असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

शेवटी दाराला बाहेरून कुलूप लावायची वेळ आली. आक्का आतून दार वाजवायची आणि म्हणायची, "उशीर व्हायलाय रे, सगळ्या पुढं गेल्या." हे रोज ऐकणं माझ्याच्यानं होईना. मग मी आश्रम बघायला निघालो.

पहिला परभणीतलाच होता, तीन मजली, दारात काचा, दारापाशी गणपती, कोपऱ्या कोपऱ्यात कॅमेरे. मी न कळवता गेलो, ऐन जेवणाच्या वेळी. हा तपासणीचा पहिला नियम. समोरचं ऑफिस न बघता थेट मागं गेलो, मोरी बघितली, पाण्याच्या टाकीवर झाकण आहे का बघितलं. तिथला व्यवस्थापक माझ्या मागं मागं धावत होता आणि मला जुन्या दिवसांची आठवण होऊन जरा मजाच येत होती. मग मी माझी शेवटची कसोटी काढली. एका आजोबांशेजारी बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि नखं बघितली.

ही माझी शाळेतली सवय. प्रार्थना झाली की रांगेतून फिरत मी पोरांची नखं बघायचो. बाकी सगळ्याला रंग लावता येतो, नखांना येत नाही. ज्या पोराची नखं कापलेली, त्याच्याकडं घरी कुणाचं तरी लक्ष आहे असं मी धरायचो. त्या आजोबांची नखं वाढलेली होती आणि त्यांत वरणभात अडकून वाळला होता. मी उठलो. काचा आणि कॅमेरे तिथंच राहिले.

दुसरा आश्रम पोखर्णीच्या रस्त्याला होता. शेतातलं जुनं बैठं घर वाढवून केलेला. पुढं मोठं लिंबाचं झाड, कुंपणालगत जास्वंदीची रांग, कुंपणापलीकडं कुणाचं तरी काळं रान. नरसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या समोरून जात होत्या. चालवणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मी तिथं दोनदा न कळवता गेलो. एकदा सकाळी सातला, एकदा भर दुपारी. स्वयंपाकघरात पिठलं शिजत होतं आणि ते खरंच तिथल्या माणसांसाठी शिजत होतं. चादरी जुन्या पण धुतलेल्या. बाथरूममध्ये धरायला दांडे. एक आजी भांडत होती आणि तिच्याशी कुणीतरी शांतपणं भांडत होतं, हे मला सगळ्यांत आवडलं. मी अकरा जणांचे हात हातात घेऊन बघितले. एकशे दहा बोटं. एकूण एक नख कापलेलं होतं.

मी सिस्टरना म्हणालो, "पास."

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला बघितलं सर, आता आम्ही आजींना बघतो. बुधवारी घेऊन या. सगळ्यांनाच इथं जमतं असं नाही. जमणार नसेल तर मी तसं तोंडावर सांगते."

म्हणजे तपासणी आमचीही होणार होती. आणि तीन वाजता घरातून निघणारी, कळ्या सोलणारी, दार वाजवणारी आक्का या तपासणीत नापास झाली तर पुन्हा ते कुलूप होतंच. घरी येताना गाडीवर मी दुसरा कसलाच विचार केला नाही. साहेब येणार म्हटल्यावर जे बत्तीस वर्षं केलं, तेच करायला लागलो.

बुधवारी सकाळी बायकोनं आक्काला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला. आक्का अगदी शहाण्या पोरीसारखी बसून होती. मी तिच्यासमोर पेपर पसरला आणि म्हणालो, "नखं काढू, आक्का."

तिनं डावा हात पुढं केला. मग उजव्याची चार बोटं. अंगठ्याची वेळ आली तसा तिनं तो मुठीत घेतला.

त्या नखाबद्दल सांगायला पाहिजे. आक्काच्या उजव्या अंगठ्याचं नख मी कळता झाल्यापासून वाढलेलं होतं. जाड, कडेनं जरा आत वळलेलं, हिरवट पिवळं. लहानपणी माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला की ती सुई न घेता त्या नखानंच काढायची, आणि मला कळायच्या आत काढायची. माझ्या पोरांना ती त्या नखानं वाटाणे सोलून द्यायची. आमच्याकडं आल्यावर ती कधी कामाला गेली नाही, पण ते नख मात्र तिनं सांभाळलं होतं. पोरं चिडवायची तेव्हा ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या रे, कवा लागंल सांगता येतंय का."

"हे नगं, भाऊ," ती म्हणाली.

"का गं? घाण साचते त्यात."

"ह्याच्याबिगर कामावर घेत न्हाईत."

"आता कुठं कामाला जायचंय तुला? आता बसून खायचं."

"न्हाई, न्हाई. मुकादम माघारी लावतोय. मग तुज्या शाळंचं कसं करू मी?"

मी हसलो. खरंच हसलो. मग तिचं मनगट धरलं आणि मूठ उघडली. तिच्या अंगात अजून लय जोर होता, पण माझ्या अंगात जास्त होता. नेलकटरमध्ये ते नख बसेना म्हणून मी कात्री घेतली. दोनदा दाबावी लागली. कडकन आवाज झाला आणि तुकडा पेपरवर पडला. आक्का रडली नाही. तिनं तो तुकडा उचलला, उजेडात धरून बघितला आणि पदराच्या टोकाला बांधून टाकला.

"ऱ्हाऊ द्यायचं होतं की ते," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं," मी म्हणालो. तिला कळत होतं. मलाही कळत होतं. पण साडेदहाची वेळ दिली होती.

सिस्टरनी आधी आक्काशी गप्पा मारल्या, मग तिला अंगणात बसवलं आणि माझ्यासमोर चार पानी फॉर्म घेऊन बसल्या. आजार, औषधं, ऐकू येतं का, दिसतं का, ही पानं भराभर झाली. मग त्या म्हणाल्या, "आता नीट सांगा. हे पान सगळ्यांत महत्त्वाचं. आजी आयुष्यभर काय काम करायच्या?"

"गृहिणी," मी म्हणालो.

"शेतीबिती?"

"नाही. घरीच."

"कोणत्या वेळी जास्त अस्वस्थ होतात?"

"तशा शांतच असतात."

"काही सवयी? हाताला काही चाळा? सर, विचित्र असल्या तरी सांगा. पुढं त्याच आमच्या कामी येतात."

"काही नाही. स्वभाव अगदी गरीब आहे."

सिस्टरनी पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. अशी नजर मी ओळखतो. पोरगं वही घरी राहिली म्हणून सांगत असतं तेव्हा मी तसाच बघायचो. पण त्यांनी मी सांगितलं तेच लिहून घेतलं आणि आक्काला पास केलं.

मी असं का केलं? नापास होण्याची भीती, हे एक झालं. पण 'गृहिणी' हे उत्तर मला शोधावं लागलं नाही, ते तोंडात तयार होतं. ते चाळीस वर्षं जुनं होतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "बहीण काय करते?" आणि मी म्हणालो होतो, "घरीच असते." त्या वेळी आक्का दारामागं चहाचे कप घेऊन उभी होती आणि तिच्या बोटांना हिरवा रंग होता.

आक्का क्रॉसिंगला जायची. कपाशीचं संकरित बी हातानं तयार करावं लागतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी रुतवायचं आणि एका फिरकीत पाकळ्यांसकट पुंकेसर काढून टाकायचे. आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. सोललेल्या कळीवर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून त्यावर नर वाणाचं फूल फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत बायका ओळीनं पुढं सरकत कळ्या सोलायच्या. मानवतकडच्या बियाण्याच्या प्लॉटवर मुकादम हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचे अंगठे बघायचा. नख नसेल ती घरी. आक्काच्या सोललेल्या कळ्यांना बोंड धरलं नाही असं क्वचितच व्हायचं. मुकादम नव्या पोरींना तिच्या शेजारची ओळ द्यायचा, बघून शिकतील म्हणून.

मी त्या मजुरीवर शिकलो. आणि मग बत्तीस वर्षं आठवीच्या वर्गात रंगीत खडूंनी फुलाची आकृती काढली, पुंकेसर पिवळ्यानं, स्त्रीकेसर हिरव्यानं, परागीभवन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. एकाही वर्षी, एकाही वर्गात, "माझी बहीण हे हातानं करायची," हे वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. मला लाज वाटायची. दुसऱ्याच्या रानात जाणाऱ्या बाईचा भाऊ, हे मला माझ्या नावापुढं नको होतं. हे इतकं साधं आहे आणि इतकं वाईट आहे.

आक्काला ठेवून आल्यावर मी दर रविवारी जायचो. पहिल्या दोन रविवारी ती बरी होती. तिसऱ्या रविवारी झोपलेली होती. चौथ्याही. मी सिस्टरना विचारलं.

"तीन वाजले की उठतात सर," त्या म्हणाल्या. "कुंपणाकडं जातात. जास्वंदीच्या कळ्यांशी काहीतरी करत बसतात, जमलं नाही की अंगठ्याकडं बघतात आणि ओरडतात. दोनदा कुंपणाच्या तारेत लुगडं अडकून पडल्या. डॉक्टरांनी जेवणानंतर झोपेची अर्धी गोळी सांगितली. तुम्हाला काही माहीत आहे का, हे कशामुळं?"

माझं आयुष्यातलं सगळ्यांत सोपं उत्तर होतं ते. समोरच्या रानाच्या बांधावर उपटलेल्या कपाशीच्या काड्यांचा ढीग होता. मला त्याच क्षणी सगळं कळलं, काकूंची जास्वंद, रेल्वे फाटक, "सगळ्या पुढं गेल्या." आणि मी म्हणालो, "आजाराचंच असेल ते. डॉक्टर म्हणतात तसं करा."

गोळी पुढं चालू ठेवायला परवानगी म्हणून एक कागद होता, त्यावर सही केली.

का? कारण खरं सांगितलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. सिस्टर म्हणाल्या असत्या, तुम्ही फसवलंत, घेऊन जा तुमच्या बहिणीला. असं मला वाटलं. सिस्टर असं म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या हे दोन तपासण्यांमध्ये मी स्वतः बघितलं होतं. पण माणूस घाबरला की आपणच बघितलेलं विसरतो, त्याला कुठला आजार लागत नाही.

असे साडेतीन महिने गेले. आक्का दुपारभर झोपायची, संध्याकाळी उठवली की डोळे जड. आधी भिंतीला धरून चालायला लागली, मग कुणाला तरी धरून. रविवारी मी केळी घेऊन जायचो, तिच्या शेजारी तासभर बसायचो आणि तिची नखं बघायचो. सगळी कापलेली असायची. आश्रम खरंच चांगला होता.

पोळ्यानंतर तिथं एक नवीन मावशी कामाला आल्या, मानवतकडच्या. पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ. त्या रविवारी मी पोचलो तेव्हा त्या आक्काला भरवत होत्या. मला बघून त्यांनी आक्काचा उजवा हात उचलून माझ्यापुढं धरला.

"सर, आजी क्रॉसिंगला जायच्या का?"

मी केळ्यांची पिशवी खाटेवर ठेवली.

"न्हाई, मी बघायलेय चार दिस झालं. झोपीतबी अंगठा असा फिरवायलेत." त्यांनी हवेत अंगठा रुतवून फिरवून दाखवला. "मीबी बारा वरसं केलंय ते. हे दुसरं काई न्हाई. तीन वाजता कळी सोलायची येळ असतीय. त्यांला कामावर जायचंय आन तुमी गोळी दिऊन निजवायलाव! आन हे नख कुणी काढलं? असं नख ठिवणारी बाई ते कदी काढू देत न्हाई."

सिस्टर मागं उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी काढलं," मी म्हणालो. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसांपुढं म्हणालो, "माझी बहीण क्रॉसिंगला जायची. मानवतला. वीस-बावीस वर्षं."

मला वाटलं होतं हे वाक्य बोलताना आभाळ कोसळेल. मावशी म्हणाल्या, "मग तेच तर मनायलेय मी," आणि पुन्हा आक्काला भरवायला लागल्या.

सिस्टरनी कपाटातून फॉर्म काढला आणि ते पान माझ्यापुढं ठेवलं. माझ्याच हातानं मी 'गृहिणी' खोडलं आणि वर खरं काय ते लिहिलं. कळ्यांबद्दल लिहिलं, तीन वाजण्याबद्दल, नखाबद्दल, दाराच्या कुलुपाबद्दल. लिहिता लिहिता पान संपलं तर मागच्या बाजूला लिहिलं. सिस्टरनी ते वाचून फाइलला लावलं. त्या रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

"तेव्हा सांगितलं असतं तर घेतलं नसतं का?" मी विचारलं.

"घेतलंच असतं," त्या म्हणाल्या. "माणूस कुठं निघालंय ते कळलं की दार लावायला लागत नाही सर. मावशीबरोबर रोज तासभर जास्वंदीपाशी सोडलं असतं. गोळी लागली नसती."

डॉक्टरांना विचारून त्यांनी गोळी हळूहळू बंद केली. मावशींनी पतंगाचा लाल कागद आणून त्याच्या टोप्या केल्या, दोऱ्याचे तुकडे केले आणि जास्वंदीच्या दोन कुंड्या आक्काच्या खाटेजवळ आणून ठेवल्या. आक्काची नखं कापायची नाहीत अशी चिठ्ठी भिंतीला लावली. मी ती चिठ्ठी दर रविवारी वाचायचो. पण म्हाताऱ्या माणसाचं नख वाढायला वेळ लागतो, आणि साडेतीन महिन्यांच्या झोपेनं आक्काच्या हातातलं काय काय नेलं होतं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. ती जाग्यावर उठून बसायला लागली. चालायला मात्र पुन्हा लागली नाही.

दसऱ्याच्या आधीचा रविवार असेल. समोरच्या रानात कपाशी फुलावर आली होती. मी त्या शेतकऱ्याला विचारून पाच कळ्या आणल्या. कोणत्या आणायच्या ते मला माहीत होतं, लहानपणी शाळा सुटल्यावर प्लॉटवर जाऊन मी आक्काच्या मागं ओळीतून फिरलो होतो. लांबट, टोकाला जरा सैल झालेली, आतून पिवळी पाकळी डोकावणारी. तीन वाजत आले होते. मावशींनी आक्काला खुर्चीत बसवून लिंबाखाली आणलं होतं.

मी एक कळी तिच्या हातात दिली.

तिनं ती ओळखली. मला तिनं त्या दिवशी ओळखलं होतं की नाही, मला ठाऊक नाही, पण कळी ओळखली. तिचा चेहरा कामाला लागलेल्या माणसासारखा झाला. डाव्या हातात देठ, उजव्या हाताचा अंगठा बरोबर बुडाशी. तिनं दाबलं. नखाची जेमतेम कोर आली होती, ती रुतली नाही. तिनं पुन्हा दाबलं. कळी चेंगरली, आणि आतलं सगळं एकत्र होऊन तिच्या बोटांना लागलं. दुसरी दिली, तिचंही तसंच झालं. तिसरी तिनं घेतली नाही.

ती अंगठ्याकडं बघत राहिली. मग तिनं तो घाईघाईनं पदराखाली घेतला आणि इकडंतिकडं बघितलं. मावशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्याकडं एक नजर टाकून आक्का माझ्याकडं वाकली आणि हळू आवाजात, लहान पोरीनं चूक कबूल करावी तशी म्हणाली, "मुकादमाला सांगू नगा. नख तुटलंय माजं. कसं तुटलं काय की. आठ दिसांत येतंय ते. तवर न्हाई सांगनार ना कुणाला? मला भावाला शिकवायचंय."

माझ्या हातात उरलेल्या तीन कळ्या होत्या. मी तिला सांगायला हवं होतं, की तुझा भाऊ शिकला, आक्का, आणि हे नख त्यानंच तोडलं. तोंड उघडलं, पण ते आलं नाही.

"नाही सांगत," मी म्हणालो. "कुणालाच सांगत नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. कुणाला न सांगणं मला चांगलं जमतं, हे तिला कुठं तरी अजून आठवत असावं.